दोर दुरुस्तीला नेला आहे

११ डिसेंबर २००४, दुसरा शनिवार. ऑफिसला सुट्टी होती आणि माझ्यापुढे सात किलो मटाराच्या शेंगा होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या मराठी मंडळाचा हिवाळी मेळावा होता आणि चहाबरोबरच्या करंज्यांचं काम मी घेतलं होतं. बरकतपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत जुनी चादर पसरून मी सोलायला बसले. समोर सासूबाई. वय बाहत्तर, पण शेंगा सोलण्यात माझ्यापेक्षा दुपटीनं जलद. त्या दिवशी मात्र त्यांचे हात मधूनमधून थांबत होते, कारण त्या तोंडातल्या तोंडात भाषण पाठ करत होत्या.

ते भाषण ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. सासरे जाऊन चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून सासूबाई दारावर येणाऱ्या भाजीच्या बंडीपलीकडे गेल्या नव्हत्या. लग्न नाही, बारसं नाही, मंडळ तर नाहीच. कुणी अडवलं नव्हतं. "मी गेले की लोक हसायचे थांबतात, कशाला त्यांना त्रास," असं त्या म्हणायच्या. आता त्या बाहेर पडणार होत्या, आणि त्याही थेट माइकसमोर. नाव त्यांनी आपणहून दिलं होतं. नवऱ्याची तेव्हा विजयवाड्याला बदली झालेली होती. त्याला फोन करून सांगितलं तर त्यानं दोनदा विचारलं, "कोण, आई?" मुलगा हॉस्टेलवर होता. घरात आम्ही दोघीच.

विषय होता, संगणकावर तयार केलेले चित्रपट: सगळ्यांत चांगला कोणता, आणि मोठ्या माणसांनी ते का बघावेत. पुण्या-मुंबईहून संगणकाच्या नोकऱ्यांवर आलेली तरुण जोडपी शहराच्या पश्चिमेला नव्या इमारतींत राहत आणि मंडळाकडे फिरकत नसत. त्यांना ओढायला म्हणून हा विषय ठरला. बैठकीत पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त इंजिनिअर वैतागले होते. "आता कार्टूनवर चर्चा करायची? मग पुढच्या वर्षी बाहुलीचं लग्न ठेवा."

"ठेवू," अध्यक्ष म्हणाले. "जेवण दिलंत तर गर्दीही होईल."

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांची एकच अट होती. बोलणाऱ्यानं आधी सिनेमाची गोष्ट शेवटापर्यंत सांगायची, कारण निम्म्या लोकांनी तो बघितलेला नसणार.

सासूबाईंनी बघितले होते. वर्षभरात नऊ-दहा. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी किरायानं राहायची. ती एका संगणक कंपनीत होती आणि नवरा कामासाठी परदेशी गेलेला. रविवारी ती चिक्कडपल्लीच्या दुकानातून सीडी आणायची आणि एकटीनं काय बघायचं म्हणून खाली आमच्याकडे यायची. शेजारच्या ताईही यायच्या. त्या नांदेडच्या, टेलिफोन ऑफिसात नोकरीला. सकाळी विहारात जाऊन आल्या की दुपारी आमच्याकडे. सासूबाईंचा नियम होता की रिकाम्या हातांनी सिनेमा बघायचा नाही. त्यामुळे प्रत्येकीच्या मांडीवर काहीतरी असायचं, तांदूळ, मेथी, लसूण. या कामाला संगणकाचे सिनेमे बरे पडत. साध्या सिनेमात खाली मान घालून चार खडे वेचावेत, तेवढ्यात वर कुणाचा तरी खून झालेला असतो. इथे वर बघितलं की काय चाललंय ते एका नजरेत कळायचं. जे दाखवायचं तेवढंच दाखवलेलं असायचं.

सासूबाईंना मराठी, तेलुगू आणि दखनी येत होतं. शाळा निजामाच्या काळातली, त्यामुळे उर्दू वाचताही यायचं. इंग्रजी येत नव्हतं. म्हणून सिनेमा चालू असताना मी मराठीत सांगत जायची. पात्र तीन वाक्यं बोललं की मी एक बोलायची. ही सवय मला आधीपासून होती. बँक असो, वकील असो, सासऱ्यांच्या आजारात डॉक्टर असोत, इंग्रजी बोलणं मी ऐकायचं आणि घरच्यांना कामापुरतं सांगायचं. वेळ वाचतो.

होडीचा सिनेमा आम्ही मार्चमध्ये बघितला. एका रुंद नदीवर एक म्हातारी होडी असते. दोन्ही काठांना बांधलेला जाड दोर नदीवरून आडवा गेलेला असतो आणि त्याच्या आधारानं ती माणसांना इकडून तिकडे नेते. होडीला तोंड नाही, दोराला डोळे नाहीत. ती जराशी पुढे वाकते, तो जरासा ताणतो, आणि त्यावरून आपल्याला दोघांचं बोलणं समजतं. पुढे नदीवर पूल व्हायला लागतो. मग पूर येतो, पुलावरचे मजूर पाण्यात अडकतात, होडी त्यांना काठावर आणते. शेवटच्या खेपेला दोर तुटतो आणि त्याचं टोक पाण्यात बुडतं. होडी आता कशालाच बांधलेली नाही. ती प्रवाहाबरोबर निघते आणि समुद्राला पोचते. सिनेमा तिथे संपतो.

दोर तुटला तेव्हा सासूबाईंच्या हातातलं मेथीची काडी तशीच राहिली. काठावर उतरलेला होडीचा नावाडी इंग्रजीत म्हणाला की तो गेला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतोय?"

सासऱ्यांना जाऊन पाच महिने झाले होते. सासूबाई तेव्हा कुठे दोन्ही वेळा जेवायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सोमवार, मला ऑफिस. मी म्हटलं, "दोर दुरुस्तीला नेला आहे म्हणतोय."

"आणि ही कुठं निघाली?"

"त्याला आणायला."

त्यांनी मान हलवली आणि मेथी निवडायला घेतली. वरची मुलगी त्या दिवशी नव्हती. तिनं सीडी ठेवून दिली होती, तिचा सिनेमा बघून झाला होता. ताई होत्या. त्यांना इंग्रजी चांगलं येतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लसूण सोलत राहिल्या. मला वाटलं, झालं, मिटलं.

तर त्या शनिवारी, शेंगा अर्ध्याअधिक झाल्यावर, सासूबाईंनी चष्मा लावला, ब्लाउजमध्ये घडी करून ठेवलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "ऐक जरा. पाच मिनिटांत बसतंय का बघ."

भाषण होडीवर होतं.

त्यांनी लिहिलं होतं की मुलांना होडी पळते तेव्हा दिसते, मोठ्यांना ती थांबते तेव्हा दिसते, म्हणून हा सिनेमा मोठ्यांचा. ते मला आवडलं. पुढे लिहिलं होतं, दोर दुरुस्तीला नेला तर ही होडी रडत काठावर पडून राहिली नाही, आपल्या पायांनी आणायला निघाली. होडीला पाय नसतात हे मला माहीत आहे, पण मला ते दिसले. आम्हा बायकांना वाट बघत बसायला शिकवतात. मीही एक वर्ष बसले. या सिनेमानं मला उठवलं.

"पाच मिनिटांच्या आत आहे," मी म्हटलं.

"उठवलं म्हणू, का उभं केलं म्हणू?"

"उठवलं बरं आहे."

अख्खं भाषण माझ्या दोन खोट्या वाक्यांवर उभं होतं. आणि सासूबाईंचा नंबर पाचवा होता. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरले होते. चौथ्या नंबरवर वरची पुण्याची मुलगी होती आणि तिचाही सिनेमा होडीचाच होता. म्हणजे उद्या साठ-सत्तर माणसांपुढे आधी ती खरा शेवट सांगणार आणि लगेच सासूबाई उठून दोर दुरुस्तीला गेल्याचं सांगणार. चौदा महिन्यांनी बाहेर पडलेली बाई लोकांच्या हसण्याचा विषय झाली असती, माझ्यामुळे. त्यानंतर ती परत दाराबाहेर पडली असती का, याची मला शंकाच होती.

मी हात धुतले आणि वर गेले.

ती स्कूटरच्या चाव्या शोधत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं.

"काकू, तुम्ही शेवटच बदललात?"

"बदलला नाही. थोडा गाळला."

"दोर मेला हे गाळलंत. याला थोडा म्हणतात?"

"तू दुसरा सिनेमा घे. तो बकरीचा घे ना, तुला फार आवडला होता. एकेक केस वेगळा हलतो म्हणून चार दिवस सांगत होतीस."

"बकरीला केसच आहेत नुसते. ते दोन वर्षांत कुणालाही जमेल." ती सोफ्यावर बसली. "होडी बघून मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाशी बोलले नाही. आमच्याकडे सगळे म्हणाले, कार्टून बघून गप्प बसते, वेडी आहे. पण नट मरतो तेव्हा आपल्याला माहीत असतं की तो पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या सिनेमात नाचणार आहे. दोर कुठे जाणार? तो तेवढाच होता."

"तरी चित्रच आहे ते."

"चित्र आहे म्हणून तर. काकू, कॉम्प्युटरमध्ये आपोआप काही होत नाही. वारा येऊन दोर तुटला असं नसतं. कुणीतरी बसून एकेक धागा तोडलाय. आणि तो नावाडी काय बोलणार, यावरही कुणीतरी महिनाभर भांडलं असेल. तुम्ही ते एका मिनिटात काढून टाकलंत."

हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढणारी ट्रेसर. वीस वर्षं शाईनं काढले आणि मग ऑफिसात संगणक आला तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच्यावर शिकले. नकाशावर एकही रेघ चुकून आलेली नसते. प्रत्येक रेघ कुणीतरी ठरवलेली असते, आणि कुणी ती परस्पर काढून टाकली तर कुठल्यातरी गल्लीत पाणी जात नाही. शाईच्या दिवसांत रेघ काढून टाकायची तर अर्ध्या ब्लेडनं खरवडावी लागे आणि कागदावर पांढरा ओरखडा राही. साहेब विचारत, इथे काय होतं. संगणकावर एक कळ दाबली की गेली. कुणी विचारत नाही. मी होडीतली रेघ अशी कळ दाबून काढून टाकली होती.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मी शेवट मोघम सांगते. दोर सुटला म्हणते. पण आजींना तुम्ही आजच सांगा. हे बरोबर नाही."

मी सांगायला खाली आले. सासूबाईंनी टेबलावर चादर घालून साडी इस्त्रीला घेतली होती. मोतिया रंगाची, मरून काठाची. चौदा महिने कपाटात होती.

"काठ फार लाल तर नाही गं दिसत?"

"नाही. छान आहे," मी म्हटलं आणि करंज्यांचं पीठ भिजवायला आत गेले. सांगायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.

मेळावा काचीगुडा स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये होता. गाडी आली की बोलणाऱ्यानं थांबायचं, गेली की पुढे चालू, हे तिथे सगळ्यांना सवयीचं. तरुण मंडळी खरंच आली होती, पंधरा-वीस. सासूबाई पुढच्या रांगेत बसल्या. मी मागे, करंज्यांच्या डब्यांपाशी.

सुरुवात इंजिनिअरसाहेबांनी केली. त्यांचं म्हणणं, त्यांनी एकही असला सिनेमा बघितलेला नाही आणि त्यामुळे ते निःपक्षपाती आहेत. माणूस माणसाला बघून शहाणा होतो, खेळण्यांना बघून नाही. चित्र हलतं याचं कौतुक सहा वर्षांपर्यंत ठीक आहे.

"साहेब, तुम्ही धरणाचं मॉडेल दाखवायला नेत होतात ना मंत्र्यांना?" मागून कुणीतरी म्हणालं. "ते खेळणंच होतं."

"त्यात पाणी खरं सोडायचो," साहेब म्हणाले. हॉल हसला. साहेबही हसले आणि बसले.

दुसऱ्या नंबरला ताई. त्यांनी निवडलेला सिनेमा एका गावातल्या टपालपेटीचा होता. गावात फोन येतात, पत्रं बंद होतात, पेटी रिकामी राहते, तरी रोज तोंड उघडून उभी असते. ताई टेलिफोन ऑफिसातल्या असूनही हा सिनेमा का निवडला, तर म्हणाल्या, "आमच्यामुळंच ती उपाशी मेली ना. म्हणून मला जास्त लागलं." मग मोठ्यांनी का बघावं यावर त्या जे बोलल्या ते मी अजून विसरले नाही.

"साध्या सिनेमात गरीब बाई दाखवायल्यात म्हणलं की मला आधी तिच्या साडीची इस्त्री दिसती. मग दिसतं की ही नटी कुणाची लेक, कोणत्या घरातली, हिला हे काम कामून मिळालं. मला तिचं दुःख खरं वाटंना. पेटीला घराणं नसतं. तिचं आडनाव कुणी विचारत नाही. पेटीसाठी रडायला मला कुणाची परवानगी लागली नाही."

टाळ्या पडल्या. मग नियमाप्रमाणे त्यांनी शेवट सांगितला. पेटी भंगारात जाते.

पुढच्या रांगेत सासूबाईंची मान वळली. त्या मागे माझ्याकडे बघत होत्या. पेटीच्या शेवटी मी त्यांना सांगितलं होतं की तिला रंग द्यायला नेली. मी करंज्यांचा डबा उघडला, परत लावला.

तिसरा एक तरुण बकरीवर बोलला. मी ऐकलं नाही. चौथी वरची मुलगी. तिनं गोष्ट चांगली सांगितली आणि शेवटाशी आल्यावर कबूल केल्याप्रमाणे म्हणाली, "मग पुरात तो दोर सुटतो आणि होडी समुद्राकडे जाते."

"सुटतो म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं. "गाठ सुटते का दोर तुटतो? त्याचं पुढं काय होतं? शेवट पूर्ण सांगायचा."

मुलीनं हॉलच्या मागे माझ्याकडे बघितलं. एक गाडी आली. ती जाईपर्यंत सगळे थांबले. गाडी फार लांब होती. ती गेल्यावर मुलगी म्हणाली, "तुटतो. तो संपतो. होडी एकटीच जाते, आणि जिथे जाते तिथे तो नसतो. मला हा सिनेमा त्यासाठीच आवडतो."

सासूबाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या, सावकाश पायऱ्या चढल्या, माइकसमोर कागद उघडला. चष्मा लावला. कागदाकडे बघत राहिल्या.

"आजी, घाबरू नका," अध्यक्ष म्हणाले.

"घाबरले नाही. माझ्या कागदावर वेगळं लिहिलंय."

"वेगळं म्हणजे?"

"दोर दुरुस्तीला गेलाय."

"आजींच्या सीडीत दोर वाचला असेल," कुणीतरी म्हणालं आणि बरेच जण हसले. वाईट हेतूनं नाही. पण हसले.

मी उभी राहिले. "त्यांची चूक नाही. त्यांना इंग्रजी येत नाही. सिनेमा मी सांगितला आणि शेवट मी बदलला. दोर मेला ते मी सांगितलं नाही."

सासूबाई माइकसमोरून म्हणाल्या, "बस तू." मग कागदाची घडी घातली. "मी ज्या सिनेमावर बोलणार होते तो सिनेमा नाहीच आहे. आत्ता या मुलीनं सांगितला तो मी बघितलेला नाही. बघून सांगेन." आणि पायऱ्या उतरून आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. पाठ ताठ. पुढे तीन माणसं बोलली, ती सगळी त्यांनी ऐकली. हात वर करून मतं घेतली तेव्हा त्यांनी टपालपेटीला मत दिलं. पेटीच पहिली आली.

करंज्या वाटताना ताई माझ्याजवळ आल्या. "वहिनी, मला वाटलं तुमचं दोघींचं काही ठरलंय. म्हणून मी कधी बोलले नाही."

"काही ठरलं नव्हतं."

"मंग अवघड केलंत."

घरी येऊन सासूबाईंनी साडी बदलली, घडी करून कपाटात ठेवली. मी खिचडी टाकली. साडेसातला पानं घेतली. दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "अजून कुठं कुठं गाळलंस?"

"सिनेमात?"

"सिनेमात सांग आधी."

मी सांगितलं. पेटीचं त्यांना कळलं होतंच. बकरीची आई दरीत पडून मरते, तिथे ती मामाकडे गेली असं मी सांगितलं होतं.

"बकरीला मामा?"

"तेव्हा तेच सुचलं."

त्यांच्या ओठांपाशी काहीतरी हललं. पण हसल्या नाहीत. पाणी प्यायल्या. "मला डोळे आहेत गं. दोराचे दोन तुकडे झालेले मी बघितले. टोक बुडालेलं बघितलं. पण तू म्हणालीस दुरुस्तीला नेला. मला वाटलं, हिला भाषा येते, हिला माहीत." मग म्हणाल्या, "आणि दवाखान्यात?"

मी खिचडीचं पातेलं झाकलं. दवाखान्यातलं सगळं बोलणं मी केलं होतं. नवरा दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं होतं की आता एक-दोन दिवस. मी बाहेर येऊन सासूबाईंना म्हटलं, सुधारणा आहे, रविवारी घरी नेऊ. नवऱ्याला फोनवर खरं सांगितलं. त्यानं विचारलं, आईला सांगितलंस का? मी म्हटलं, सांगते. त्या खूश होऊन घरी आल्या, खोली धुऊन घेतली, गादी उन्हात घातली. दुसऱ्या दिवशी चार वाजता सासरे गेले तेव्हा त्या गच्चीवर गादी पालथी घालत होत्या. मी होते तिथे. त्या नव्हत्या.

"तिथंही गाळलं," मी म्हटलं.

"काय?"

"आता आठवून सांगणार नाही. आठवणीतून सांगताना मी परत काहीतरी गाळेन. फाइल आहे. उद्या सकाळी वाचून दाखवते."

"ऑफिस?"

"अर्धी रजा टाकते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि ताटातली खिचडी संपवली.

मला तेव्हा वाटलं होतं की त्या रागावतील, आणि रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी कारणं सांगितली असती. कारणं होतीच. पण ज्या बाईनं वर्षभर माझ्या सांगण्यावरून सिनेमे बघितले, तिला मी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला शेवट सोसेल का. मोठ्या माणसांना ही चित्रं का आवडतात यावर दुपारभर एवढे लोक बोलले. माझ्यापुरतं मला असं वाटतं की त्यांत कुणी आपल्याला लहान समजून काही लपवत नाही. होडी करणाऱ्या त्या परक्या माणसांनी माझ्या सासूबाईंना मोठं माणूस धरलं होतं. मी धरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी ऑफिसात फोन करून रजा सांगितली. कपाटातून दवाखान्याची फाइल काढली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. सासूबाई अंघोळ करून आल्या, चष्मा लावून माझ्या शेजारी बसल्या. इंग्रजी अक्षर वाचता येत नसलं तरी मी वाचत असलेल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. पहिल्या पानापासून सुरू केलं. दाखल केल्याची तारीख, ताप, रक्तदाब, लघवीचं प्रमाण, औषधांची नावं. जो शब्द मला मराठीत येत नव्हता तो येत नाही म्हणून सांगितलं. त्या घाई करत नव्हत्या.

चौथ्या पानावर एक ओळ होती. मी वाचली, "नातेवाइकांना परिस्थिती गंभीर असल्याची पूर्ण कल्पना दिली."

"नातेवाईक म्हणजे कोण?"

"मी."

"वेळ लिहिलीय?"

"सकाळी साडेअकरा."

त्यांचं बोट ओळीवर तसंच होतं. "साडेअकराला मी बाहेर बाकावर होते," त्या म्हणाल्या. "दार उघडंच होतं."

"हो."

"पुढं वाच."

मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागले.